लसणाला पात दणकून येते पण खाली गड्डाच धरत नाही, नेमकं काय होतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरातल्याच लसणाच्या कुड्या कुंडीत खोचल्या, पात मस्त गुडघ्याएवढी झाली, मधूनमधून कापून वापरलीसुद्धा, आणि चारपाच महिन्यांनी उपटून बघितलं तर खाली नुसता जाडसर पांढरा बुंधा, गड्ड्याचा पत्ताच नाही. तर आता खत कुठलं घालू, आणि उद्या गड्डा आलाच तर औषध म्हणून तो कच्चा खायचा की शिजवून, असं विचारलंय.

खताचं आधी सांगून टाकते कारण बहुतेक जण इथेच अडकतात. खत कमी पडलं तर गड्डा लहान येतो, पण येतो. अजिबातच न धरणं म्हणजे झाडाला गड्डा धरायची वेळ झालीये हे कळलंच नाही, आणि ते त्याला कळतं दोन गोष्टींवरून, एक अंगावरून गेलेली थंडी आणि दुसरी दिवसाची लांबी. या दोन्ही जुळल्या नाहीत तर तुम्ही सोन्याचं खत घाला, पातच मिळणार.

लसूण मुळातला मध्य आशियातल्या डोंगराळ भागातला. तिथला हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे झाडाला वाढायला मिळणारा वेळ मधला थोडासाच. त्यामुळे त्याची सवय अशी की थंडीच्या आधी मुळं सोडायची, थंडीत हळूहळू वाढत बसायचं, दिवस मोठे व्हायला लागले की झपाट्याने पानं काढायची आणि जमीन वाळायच्या आत सगळं खाणं खाली गड्ड्यात भरून झोपून जायचं. आपण ज्याला कुडी म्हणतो ती म्हणजे पानाच्या बेचक्यातली कळी. काही आठवडे थंडी मिळाली की या कळ्या आत तयार होतात, आणि मग दिवस लांबायला आणि हवा तापायला लागली की त्या फुगतात. थंडी मिळाली नाही तर कळ्याच पडत नाहीत. मग पुढे दोनपैकी एक काहीतरी होतं, एकतर झाड नुसतं पानंच काढत राहतं, किंवा खाली गोल गुळगुळीत, एकाच कुडीचा छोटा गड्डा धरतं. असा एककळी गड्डा मिळाला तर टाकू नका हं, तो खायलाही चांगला आणि पुढच्या हंगामात बेणं म्हणून लावला तर त्यातून चांगला भरलेला, नेहमीसारखा कुड्यांचा गड्डा येऊ शकतो. फार उशिरा लावलेला लसूण किंवा अगदी बारीक कुडी लावली तरीही असा एककळी गड्डा येतो, म्हणजे तो रोग वगैरे काही नसतो.

आता किती थंडी लागते? ढोबळमानाने १० अंशांच्या खाली सहा ते आठ आठवडे मिळाले की बऱ्याच जातींचं भागतं, पण जातीजातीत खूपच फरक आहे. एक प्रकार मधोमध कडक दांडा येणारा, त्याला थंडी जास्त लागते आणि दिवसही लांब लागतो. दुसरा मऊ मानेचा, ज्याला सहसा दांडा येत नाही, तो थोडा जुळवून घेणारा. आणि उष्ण भागात पिढ्यानपिढ्या लावून लावून तयार झालेल्या जाती आहेत त्यांना थंडी अगदी माफक आणि दिवस लहान असला तरी चालतो. यातून निघणारी एकच कामाची गोष्ट म्हणजे तुम्ही राहता त्याच्या आसपास जो शेतकरी लसूण पिकवतो त्याच्याकडचं बेणं मिळवा. थंड मुलुखातून आलेला मोठ्ठा पांढराशुभ्र लसूण दिसायला कितीही देखणा असला तरी उष्ण हवेत तो तुम्हाला पातच देणार, आणि तुमच्या बाबतीत बहुधा तेच झालंय, कारण दुकानातला लसूण कुठून आलाय हे आपल्याला कुठे माहीत असतं. शिवाय विकायचा लसूण टिकावा म्हणून काही ठिकाणी त्याला कोंब येऊ नयेत असा विकिरणाचा किंवा औषधाचा उपचार केलेला असतो, तो लसूण मातीत महिनाभर ठेवला तरी ढिम्म हलत नाही आणि मग कुजतो. तुमच्या कुड्यांना पात आली म्हणजे ती भानगड तुमच्याकडे नव्हती.

ज्यांच्याकडे थंडी पडतच नाही त्यांच्यासाठी फ्रिजचा उपाय आहे आणि तो चालतो, पण नीट करा. अख्खे गड्डे, न सोललेले, न फोडलेले, कागदी पिशवीत घालून फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पाणी सुटून बुरशी धरते. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, कुडी मरते. बाहेर काढल्यावर लगेच लावायचं, परत टोपलीत ठेवून द्यायचं नाही. जास्त थंडी म्हणजे जास्त फायदा असंही समजू नका, फार दिवस फार गार ठेवलेलं बेणं लवकर लवकर सगळं उरकून टाकतं, गड्डे लहान राहतात आणि बाजूने फुटवे येऊन वेडेवाकडे होतात. आणि फ्रिजने थंडीचा अर्धा भागच सुटतो बरं का, दिवसाच्या लांबीचं काय? ती आपल्या हातात नाही, म्हणून परत तेच, जात जवळची घ्या.

लावायची वेळ यावरूनच ठरते. जिथे खरा हिवाळा आहे तिथे जमीन गोठायच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे मुळं धरायला वेळ मिळतो पण वर फार पात येत नाही. जिथे हिवाळा सौम्य आहे तिथे उन्हाचा तडाखा ओसरून रात्री गार व्हायला लागल्या की लगेच, जेवढी थंडी आहे ती सगळी झाडाच्या वाट्याला आली पाहिजे. उशीर केला की झाडाला पानं काढायला वेळ मिळत नाही, आणि दिवस मोठा झाला की झाड ठरल्या वेळी गड्डा धरायला लागतं, त्याच्याकडे तेव्हा चार पानं असोत की दहा. पानं कमी तर गड्डा लहान, सरळ हिशोब आहे. लसणाचं एकेक पान म्हणजे खाली गड्ड्यावरचं एकेक सालपट, म्हणजे वर जेवढी पानं तेवढी गड्ड्याला आवरणं, आणि अन्न तयार करणारी तीच पानं.

म्हणूनच तुमचं ते मधूनमधून पात कापणं. इथे मी जरा कडक बोलते, पात आणि गड्डा ही दोन वेगळी पिकं समजा. पात हवी असेल तर वेगळी कुंडी करा, त्यात उरलेल्या बारीक कुड्या अगदी दाटीवाटीने, एकमेकींना टेकवून खोचा, वर्षातल्या कुठल्याही महिन्यात खोचा, जात कुठलीही असू दे, दोनतीन आठवड्यांत कापायला येते आणि दोनतीन कापण्या झाल्या की कुडी संपते, ती काढून दुसरी लावायची. एवढी सोपी गोष्ट दुसरी नाही, खिडकीतसुद्धा होते. पण ज्या झाडाकडून गड्डा हवाय त्याच्या पानाला हात लावायचा नाही. एखादं पान घेतलं तर झाड मरत नाही, पण तेवढं खाली कमी भरलं एवढं लक्षात ठेवा.

बेणं निवडताना कंजूषपणा नको. गड्ड्यातल्या बाहेरच्या मोठ्या कुड्या लावायच्या आणि आतल्या चपट्या बारीक स्वयंपाकघरात न्यायच्या, आपण नेमकं उलटं करतो. मोठ्या कुडीत साठवण जास्त, सुरुवात जोरदार, गड्डा मोठा. गड्डा लावायच्या दिवशीच किंवा फार तर आदल्या दिवशी फोडायचा, कुडीचं साल काढायचं नाही, आणि खालची ती चकती जिथून मुळं येतात ती तुटली असेल तर ती कुडी बाद. दाबून मऊ लागणारी, निळसर हिरवी बुरशी आलेली, डाग असलेली कुडीही बाद, कारण लसणाचे निम्मे रोग बेण्यातूनच येतात. लसणाला खरं बी जवळपास येतच नाही, आपण वर्षानुवर्षं कुड्याच लावतो, म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला, आणि त्यामुळे एकदा विषाणू शिरला की तो पिढ्यानपिढ्या सोबत चालतो. चांगले, मोठे, निरोगी गड्डेच बेण्यासाठी बाजूला ठेवायचे हा नियम मोडलात की दोनतीन वर्षांत गड्डे आपोआप लहान होत जातात आणि मग परत खताला दोष.

कुंडी किमान २० ते २५ सेंटीमीटर खोल हवी, खाली भोकं मोकळी हवीत. मुळं उथळ असतात पण दाट असतात. माती भुसभुशीत आणि पाणी धरून ठेवणारी पण साचू न देणारी, निम्मी चांगली माती, तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि बाकी जाड वाळू असं ढोबळ प्रमाण धरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच, कच्चं घातलंत तर कूज आणि किडे दोन्हींना आमंत्रण. मातीचा सामू, म्हणजे pH, ६ ते ७ च्या मधे असला की झालं. जमिनीत लावत असाल तर गादीवाफा, म्हणजे जरा उंच उचललेला वाफा करा, चिकण मातीत तर केलाच पाहिजे. कुडीचं टोक वर, चकती खाली, वर ३ ते ५ सेंटीमीटर माती येईल इतकी खोल, आणि दोन कुड्यांत १० ते १५ सेंटीमीटर अंतर. उलटी लावली तरी उगवते पण कोंब वळसा घेऊन वर येतो, त्यात ताकद जाते आणि गड्डा वाकडा येतो. ऊन रोज सहा तास तरी थेट हवं. सावलीतल्या बाल्कनीत पात येईल, गड्ड्याची आशा ठेवू नका.

पाण्याचं असं आहे की लसणाला कोरडं पडलेलं आवडत नाही आणि चिखलही आवडत नाही. वरची बोटभर माती कोरडी लागली की द्यायचं. पानं वाढताना आणि गड्डा फुगताना पाण्यात खंड पडला की नुकसान भरून येत नाही, उथळ मुळांना खालून पाणी ओढून आणता येत नाही ना. पालापाचोळ्याचं आच्छादन घातलंत तर ओल टिकते आणि तणही दबतं, आणि तण ही लसणाची मोठी अडचण आहे कारण त्याची पानं उभी आणि बारीक, खाली सावली पडतच नाही, मग गवत खुशाल वाढतं. काढताना हाताने काढा, खुरपं खोल घातलं की मुळं तुटतात.

आणि आता खत, विचारलंत म्हणून. नत्र (नायट्रोजन) सुरुवातीच्या वाढीला द्यायचं, म्हणजे तीनचार पानं आल्यापासून तीन आठवड्यांनी एकदा कंपोस्टचा हलका थर किंवा पातळ केलेलं द्रवखत, आणि गड्डा फुगायला लागायच्या आधी ते बंद. इथेच गंमत आहे, जे लोक गड्डा येत नाही म्हणून शेवटी शेवटी युरियाचा मारा करतात ते उलट गड्डा बिघडवतात, उशिरा दिलेल्या नत्राने पात माजते, गड्ड्यातल्या कुड्यांना जागच्या जागी कोंब फुटून बाजूने पानं निघतात, मान जाड राहते आणि असा लसूण टिकतच नाही. गड्डा फुगायला लागला हे कसं ओळखायचं, तर बोटाने बुंध्याजवळची माती जरा बाजूला करून बघा, बुंधा वरपेक्षा खाली स्पष्ट गोल लागायला लागतो. पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) लावतानाच मातीत मिसळा. गंधक मात्र लसणाला खरंच लागतं, तिखटपणा आणि तो वास सगळा गंधकाच्या संयुगांचा आहे, मातीत गंधक कमी असेल तर लसूण मिळमिळीत येतो. चांगलं कंपोस्ट असेल तर वेगळं काही द्यायची गरज पडत नाही, नसेल तर थोडं जिप्सम लावणीच्या वेळी मिसळा.

कडक मानेच्या जातीला मधोमध फूलदांडा येतो, वर वळून गोल वेटोळं घेतो. तो वेटोळं पूर्ण झालं की मोडून घ्यायचा, झाडाचं खाणं वर न जाता खाली जातं, आणि दांडा कोवळा असताना भाजीसारखा फार चवदार लागतो. एखाद्या झाडावर मुद्दाम ठेवलात तर टोकाला गव्हाएवढ्या बारीक बारीक गाठी येतात, त्या लावून दोनतीन वर्षांत पूर्ण गड्डा तयार होतो. वेळखाऊ काम आहे, पण त्या मातीला टेकलेल्या नसल्यामुळे मातीतले रोग घेऊन येत नाहीत, त्यामुळे बेणं नव्याने सुरू करायला बरं पडतं.

किडींमध्ये सगळ्यात त्रास फुलकिड्यांचा. पानावर चंदेरी रेघोट्या आणि टोकं वाळलेली दिसली की बेचक्यात बघा, पिवळसर बारीक किडे पळताना दिसतील. कोरड्या गरम हवेत वाढतात, पानांवर आणि बेचक्यात पाण्याचा जोरदार फवारा मारला की बरेच जातात, नाहीतर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी. ओल्या ढगाळ हवेत जांभळा करपा येतो, पानावर जांभळट लांबट डाग, त्यासाठी झाडं दाट लावू नका आणि पाणी पानांवर न देता मुळाशी द्या. खरी भीती पांढऱ्या सडीची. गड्ड्याच्या खाली कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात खसखशीसारखे काळे दाणे दिसले तर ते झाड मातीसकट उचलून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको, कारण ते दाणे मातीत वीस वीस वर्षं जिवंत राहतात आणि कांदा-लसणाच्या मुळांचा वास आला की जागे होतात. कुंडी असेल तर सगळी माती बदला, जमीन असेल तर तिथे लसूण विसरा. एरवीही त्याच मातीत लागोपाठ लसूण, कांदा किंवा त्यांचे भाऊबंद लावू नका, तीनचार वर्षांचं अंतर ठेवा. आणि लसूण लावला की शेजारच्या सगळ्या झाडांच्या किडी पळतात असं जे सांगतात त्यावर मी फार विसंबत नाही, त्याच्या स्वतःच्याच पानांवर फुलकिडे बसलेले असतात.

काढायची वेळ ही लसणातली सगळ्यात चुकणारी जागा. कांद्यासारखी मान पडायची वाट बघत बसू नका. खालची एकतृतीयांश ते निम्मी पानं वाळली आणि वरची पाचसहा अजून हिरवी आहेत, ही वेळ. प्रत्येक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावरचं एक धड सालपट हे वर सांगितलंच, सगळी पानं वाळू दिलीत तर जमिनीतच सालपटं कुजतात, गड्डा उकलतो, कुड्या सुट्या होतात आणि असा लसूण महिनाभर टिकत नाही. फार लवकर काढलात तर सालपटं जाड आणि ओली, कुड्या भरलेल्या नाहीत. शंका आली तर एक गड्डा उपटून आडवा कापून बघा, कुड्या सालीत गच्च बसलेल्या दिसल्या तर काढा, साल आणि कुडी यात भेद कळत नसेल तर थांबा. काढायच्या आधी दहापंधरा दिवस पाणी बंद. पानाला धरून ओढू नका, बाजूने माती सैल करून खालून उचला, ताजा गड्डा आपटला तरी आतून दुखावतो आणि तिथूनच पुढे कुजतो.

काढल्यावर धुवायचा नाही. मातीचं ढेकूळ हाताने झटका, पात तशीच ठेवा, जुड्या बांधून सावलीत जिथे वारा खेळतो तिथे टांगा. कडक उन्हात ठेवलात तर भाजतो. दोन ते चार आठवडे लागतात, मान कापल्यावर आत ओल दिसत नाही आणि बाहेरची सालं कागदासारखी कुरकुरतात तेव्हा झालं. मग मुळं छाटायची, मान दोनतीन सेंटीमीटर ठेवून कापायची, किंवा मऊ मानेचा असेल तर वेणी घालायची. साठवायला घरात कोरडी हवेशीर जागा, १५ ते १८ अंश असेल तर उत्तम. फ्रिजमध्ये नेहमीच्या वापराचा अख्खा लसूण ठेवू नका, तिथलं तापमान त्याला हिवाळ्यासारखं वाटतं आणि बाहेर आला की कोंब. कोंब आलेला लसूण विषारी वगैरे काही नसतो हो, हिरवा कोंब जरा कडवट लागतो एवढंच, नको असेल तर काढून टाका.

आता औषधाचं. अख्ख्या न दुखावलेल्या कुडीला तो उग्र वास जवळपास नसतो, बघा हुंगून. आत अ‍ॅलिइन नावाचं संयुग एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं, कुडी ठेचली, चिरली, चावली की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. तिखटपणा तो. हे अ‍ॅलिसिन १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी पहिल्यांदा वेगळं काढलं आणि ते जिवाणूंना मारतं हे दाखवलं. झाडाने हे आपल्यासाठी केलेलं नाही, कुडी कुरतडणाऱ्याला झोंबावं म्हणून केलंय. यातून स्वयंपाकाला उपयोगी गोष्ट अशी की ते विकर उष्णतेने मरतं, त्यामुळे अख्खी कुडी थेट गरम तेलात किंवा कुकरमध्ये गेली तर अ‍ॅलिसिन तयारच होत नाही, लसूण गोडसर आणि मऊ होतो, चवीला छान पण तो वेगळाच पदार्थ. ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग शिजवला तर निदान काही भाग आधीच तयार होऊन बसलेला असतो. आणि उपाशीपोटी अख्खी कुडी पाण्याबरोबर गिळणारे जे आहेत त्यांना सांगते, न चावता गिळलेल्या कुडीत कप्पे फुटलेले नसतात आणि पोटातल्या आम्लात ते विकर बंद पडतं, म्हणजे झोंबत नाही हे खरं पण फायदाही तसाच.

कच्चा खायचा तर ठेचून, थोडा वेळ ठेवून, जेवणातल्या कशात तरी मिसळून एखादी कुडी, एवढं बहुतेकांना पचतं. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी शिजवलेलाच बरा. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर लसणाचे प्रयोग बरेच झालेत, परिणाम दिसतो पण तो माफक, गोळ्या बंद करून लसूण सुरू करावा असा नाही, तसं कृपा करून कुणी करू नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रोजचा फोडणीतला लसूण वेगळा आणि औषध म्हणून घेतलेल्या कॅप्सूल किंवा मूठभर कच्चा लसूण वेगळा, तो डॉक्टरांना विचारूनच, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर लसणाच्या कॅप्सूल चालू आहेत हे आधीच सांगायचं कारण रक्तस्राव वाढू शकतो. एचआयव्हीवरच्या सॅक्विनाविर या औषधाचं रक्तातलं प्रमाण लसणाच्या गोळ्यांनी निम्म्यावर आल्याचं दिसलंय, म्हणजे हे नुसतं घरगुती म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाही. दुखऱ्या जागी, फोडावर, लहान मुलांच्या छातीवर ठेचलेला लसूण बांधून ठेवणं तर बंदच करा, कातडी भाजते, खरोखर आगीने भाजल्यासारखे फोड येतात, बाळांना तर फार लवकर.

तोंडाला वास येतो तो दात घासून जात नाही कारण तो नंतर फुप्फुसातून येतो, पचनात तयार झालेलं एक गंधकाचं संयुग रक्तातून फिरत राहतं. जेवताना सोबत कच्चं सफरचंद, पुदिना किंवा दूध असेल तर बराच कमी होतो.

व्हिनेगरमध्ये घातलेला लसूण कधीकधी हिरवा निळा पडतो, विशेषतः थंडीत ठेवलेला असेल तर, घाबरू नका, ती गंधकाच्या संयुगांची आणि अमिनो आम्लांची रंगीत गंमत आहे, खायला सुरक्षित. पण तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ओट्यावर ठेवणं हे मात्र खरंच धोक्याचं. मातीतून आलेले बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या एका विषबाधेचे, बीजाणू कुडीवर असू शकतात, तेलाखाली हवा नाही, आम्ल नाही, खोलीचं तापमान, म्हणजे त्यांना हवं ते सगळं, आणि विष तयार झालेलं वासावरून चवीवरून कळत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या एका रेस्टॉरंटमधल्या असल्याच तेलातल्या लसणाने ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. तर घरी करायचंच असेल तर थोडंसं करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीनचार दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाका. वाळवून त्याची पूड केली तर हा प्रश्नच उरत नाही.

आणि घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, लसणाने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, मांजरांना त्यातल्या त्यात कमी मात्रेतच त्रास होतो. गोचिड जावेत म्हणून कुत्र्याला लसूण खाऊ घालायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, आणि चुकून जास्त खाल्ला असेल तर तोंड फिकं पडायची वाट न बघता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, कारण लक्षणं दिसायला काही दिवस लागतात.